अयोकाचं नाव

माझी नणंद दोसी विदा बंदरातल्या आमच्या घराण्याची मोठी आत्या. पितरांना पाणी देणं आणि सणाला त्यांची बिरुदं गाणं हे तिचं काम होतं. ‘सावेची चाळीस माणसं समुद्राला देणारा’ ही पणजोबांची ओळ ती तपकीर ओढून, खणखणीत आवाजात म्हणे. राजाच्या फौजेने सावे गावातून पकडलेली ती माणसं पणजोबांनी जहाजवाल्यांना विकली होती.

खरं तर माणसं एकेचाळीस होती. एका गरोदर बाईला त्यांनी घरातच ठेवून घेतलं. तिच्या लेकरांना आमचं नाव मिळालं. कोण कुठून आलं हे बोलायचं नाही, असा जुना दंडक.

आमच्यात बाळ जन्मलं की ते कोणत्या पूर्वजाने पाठवलं, हे बोकोनोला विचारतात. आत्या एकेक नाव घेते, तो बियांची साखळी टाकून कौल बघतो. पूर्वज सापडला नाही तर बाळ टिकत नाही.

त्या बाईच्या वंशातल्या हुएफाला नातू झाला. तो धड दूध ओढेना. दोसीने आमच्या घराण्याची सगळी नावं घेतली. साखळीने एकही मानलं नाही.

“आत्या, नावं विसरायला लागलात. जेवण तेवढं विसरत नाही,” हुएफा म्हणाली.

“तुझ्या हातचं असेल तर तेही विसरावंसं वाटतं.”

“थट्टा पुरे,” बोकोनो म्हणाला. “एक नाव राहिलंय.”

दोसीने माझ्याकडे बघितलं. ते नाव तिने मला माझ्या लग्नाच्या वर्षी सांगितलं होतं. मी ते रोजनिशीत लिहून पान चिकटवून टाकलं होतं. मी मान खाली घातली.

“अयोका,” दोसी म्हणाली.

“ही कोण?” हुएफाने विचारलं.

“तुझी पणजी. सावेची. आम्ही तिला विकली नाही, घरात धरून ठेवली होती.”

साखळी पडली. बोकोनोने मान डोलावली.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?” हुएफाने दोसीला विचारलं.

“सोळाव्या वर्षापासून.”

“माझ्या तिन्ही लेकरांच्या वेळी नावं तुम्हीच घेतलीत,” हुएफा हळू आवाजात म्हणाली. “त्यातली दोन गेली, आत्या.”

कौल लागला की बाळाला आत्याने उचलून अंगणात न्यायचं असतं. दोसीने हात पुढे केले. हुएफाने बाळ छातीशी धरलं.

“राहू द्या. मी नेते.”

बाळ जगलं. दोसीला आणि मला आनंद झाला, पण तो दाखवायला तोंड नव्हतं.