गोपिकाबाईंचा विटाळ

नंदनवन वस्तीतल्या गोपिकाबाईंच्या घरात पाळी हा सुनेचा गुन्हा समजला जायचा. प्रेमिलाच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि दर महिन्याचे चार दिवस तिनं मागच्या पडवीत पोत्यावर काढले होते. तिच्या तारखा सासूला तोंडपाठ. एकदा दिवस पुढे गेले तर सासू शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली होती, ‘‘लपवून राहिली का वं? माह्या देवाले बाटवतं?’’ स्वतःची पाळी गेल्यापासून तर त्यांचा ताठा आणखीच वाढला होता. देवघर, चूल, लोणच्याच्या बरण्या, सगळं त्यांच्या एकटीच्या ताब्यात.

अशा बाईला अठ्ठावन्नाव्या वर्षी परत रक्त जाऊ लागलं. आधी नुसते डाग, मग महिन्यातून दोन-तीनदा. दुखत काहीच नव्हतं. उष्णता असेल म्हणून त्या धन्या-जिऱ्याचं पाणी पीत राहिल्या आणि फडकी पहाटेच धुऊन लुगड्याखाली वाळत घालू लागल्या. भीती आजाराची नव्हतीच. सुनेला कळलं तर पडवीतलं पोतं आपल्या वाट्याला येईल, ही भीती. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय!

एक्क्याऐंशीच्या भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. घर पाहुण्यांनी भरलेलं. सोवळं नेसून गोपिकाबाई नैवेद्याचं ताट घेऊन निघाल्या, तर प्रेमिला दारात आडवी उभी राहिली.

‘‘आत्याबाई, ताट खाली ठेवा. तुमीच बाहेरच्या आहा. फडकी आणून दाखवू का साऱ्याईले?’’

गोपिकाबाईंनी ताट तिथंच उंबऱ्यापाशी खाली ठेवलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. बाया पदराआड कुजबुजू लागल्या. गोपिकाबाईंची धाकटी जाऊ कौशल्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, ती तेवढी पुढे आली.

‘‘जाऊबाई, पाळी जाऊन किती वर्सं झाली?’’

‘‘सात.’’

‘‘मंग हा विटाळ नोहे. उद्या माह्यासंगं दवाखान्यात चाला.’’

तिथं आधी काचपट्टीवरची तपासणी झाली. ती चांगली आली तशा गोपिकाबाई पिशवी उचलून घरी निघाल्या. डॉक्टरीणबाई खेकसल्याच. ‘‘बसा खाली! ही तपासणी गर्भाशयाच्या तोंडाची. आतला आजार हिच्यात दिसेलच असं नाही. पाळी गेल्यावर एक डाग जरी दिसला तरी आतलं अस्तर खरवडून तपासावं लागतं.’’

खरवडलं, आणि कॅन्सर निघाला. पण अजून गर्भाशयाबाहेर गेलेला नव्हता. लगेच ऑपरेशन झालं. ‘‘वेळेवर आलात,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘बऱ्याच जणी फार उशिरा येतात.’’

पाचव्या दिवशी प्रेमिलानं जेवणाचा डबा आणून खाटेजवळ आपटला. हिच्यामुळे आपण जिवंत आहोत, हे गोपिकाबाईंना विषासारखं कडू लागत होतं. तरी दोन गोड शब्द बोलावेत असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. तोंडातून निघालं ते भलतंच.

‘‘तुले कवा समजलं होतं वं?’’

‘‘उन्हाळ्यात.’’

‘‘चार महिने! मंग तवाच काहून नाई बोलली?’’

प्रेमिलानं डब्याचं झाकण उघडलं, पोळी काढून सासूपुढे ठेवली.

‘‘तवा घरात पाहुने नव्हते.’’