मांडवाबाहेरचा मामा

सबंध मुळशी तालुक्यात स्वतःच्या मनाची माझ्या मेहुण्याइतकी निगा राखणारा माणूस झाला नाही. आणि वेडा म्हणून तालुक्याने ओळखलं तेही त्यालाच. चूक तालुक्याची, त्यात सगळ्यात मोठी माझी. मी जांब्याच्या शाळेत मास्तर होतो, मला तरी कळायला हवं होतं.

तो नेऱ्याला मेंढरं राखायचा. सन सत्तर-बहात्तरच्या सुमारास त्याचं बोलणं बंद झालं, जेवण सुटलं. घरच्यांनी देवऋषी केले, अंगारे लावले. शेवटी गडी स्वतःच एसटीत बसून पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात गेला आणि दारात म्हणाला, "मला आत घ्या, माझं डोकं आजारी हाय." चार महिन्यांनी परतला तो गोळ्यांची पुडी घेऊन. ती लपवेल तर शपथ! रोज सकाळी चहाच्या दुकानात, सगळ्यांदेखत गोळी तळहातावर घ्यायचा आणि विचारायचा, "पानी कोन देतंय?" कुणी हसलं की ऐकवायचा, "हसा की! तुमच्या पोटाला सोडा चालतो, अन् माझ्या डोक्याला गोळी चालत न्हाई व्हय?" एकदा पोलीस पाटलांनी खवचटपणे विचारलं, "काय शिकून आलास रे तिथनं?" हा म्हणाला, "आपन आजारी हाय हे वळखायला. तुमी कवा जाताय?"

माणसं पारखायची त्याची रीत मेंढरांवरून आलेली. मेंढरू कळपातून बाजूला उभं राहिलं, त्याची रवंथ थांबली की ते आजारी. मग उद्याची वाट बघायची नाही. तोच नियम माणसांना. शेजारची बाळंतीण सून गोठ्यामागे एकटी बसलेली दिसली, तर तिच्या सासूला भर अंगणात म्हणाला, "मावशे, हिला अंगारा नगं, झोप दे. रातीला पोर तू संभाळ." सासूने खराटा उगारला. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा हजर, तिसऱ्या दिवशीही. आठवडाभर खराटा चालला आणि आठवडाभर हा. शेवटी सासूच दमली आणि तिने पोर मांडीवर घेतलं.

असा हा माझ्या थोरल्या मुलीचा एकुलता एक सख्खा मामा. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी मामाने उभं राहायचं असतं. सोयरीक नांदे गावची, घर तालेवार. मला धास्ती, की हा मांडवातच गोळी काढणार आणि व्याह्यांकडे पाणी मागणार. मी नेऱ्याला गेलो आणि म्हणालो, "तू लग्नाला येऊ नकोस. पोरीचं मोडेल."

तो काठीने माती उकरू लागला. "दाजी, मी बरा झालोय. लाज तुमाला वाटतीया."

"वाटते," मी म्हणालो.

मुलीला मी सांगितलं, मामा मेंढरं सोडून येत नाही म्हणतो. चुलतमामाला उभं केलं. अक्षता पडत होत्या तेव्हा माझी नजर मांडवाबाहेर गेली. बैलगाडीच्या आडोशाला, धुतलेला पटका बांधून हा उभा! नवऱ्याच्या चुलत्याने त्याला हटकलं, "पाव्हणं, कुणाकडचे?" माझ्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या.

"कुनाकडचा न्हाई. घोंगड्या इकाया आलतो," असं म्हणून तो चालू लागला. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं.

पुढे चार-पाच वर्षांनी माझीच झोप उडाली. वर्गात फळ्याकडे तोंड केलं की रडू यायचं. तेव्हा माझ्याशेजारी येऊन बसला तो हाच. "उटा दाजी, येष्टी चुकंल." डॉक्टरांकडे त्याने नेलं, औषध सुरू झालं, मी उभा राहिलो. आणि गावात सांगितलं, डोळे तपासायला गेलो होतो. तो समोरच होता.

तर आता लिहूनच टाकतो. डोळे ठीक होते. गोळ्या मनासाठी होत्या, आणि त्या घेतल्या म्हणून आज नव्वदीला टेकलोय. कुणाला हसायचं तर खुशाल हसा.

मेहुणा जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात मुलीला सगळं खरं सांगितलं. तीही आता आजी झाली आहे. ती ओट्याकडे वळून पाठमोरी झाली. मग म्हणाली, "बाबा, मामा दर दिवाळीला यायचा. मी दारातच टोमणा मारायचे, 'आज बरी सुटली मेंढरं!' दरवर्षी, बाबा."

"आणि तो काय म्हणायचा?"

"'चुकलंच गं माझं,' म्हणायचा."