दसऱ्याला बंद केलेला सर्व्हर

किशोरच्या छातीत धडधड सुरू व्हायला फार काही लागत नाही. फोन वाजला तरी पुरतं, नाही वाजला तर आणखीच. नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत तो गणितात पहिला यायचा, तरी निकालाला पोटात गोळा घेऊनच जायचा. आता वय चौतीस, अमरावतीच्या एका जुन्या शिक्षण संस्थेत नोकरी, आणि गोळा कायम.

त्याचं काम ऐकायला सोपं. संस्थेच्या गावोगावच्या शाळांची जुनी दाखल-खारीज रजिस्टरं, म्हणजे मुलं शाळेत आल्या-गेल्याच्या नोंदी, स्कॅन करून ठेवलेली. त्यांतलं नाव शोधायला एक सर्च सर्व्हर. नाव टाकलं की तो रजिस्टरचा क्रमांक आणि पान सांगतो, मग कपाटातून ते काढायचं, नक्कल करायची, शिक्का मारायचा. सर्व्हर बंद असला, तर समोर नुसती अकराशे रजिस्टरं, गावाप्रमाणे न लावलेली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो बंद होता.

साडेदहालाच हिवरखेडचे बुधाजी मुलीला घेऊन बाकावर बसले होते. रागिणीची नर्सच्या नोकरीसाठी निवड झालेली. कागदपत्रांची तपासणी अकोल्याला, आज पाचपर्यंत. जातीच्या पुराव्याला पणजोबांची शाळेतली नोंद हवी. ते शिकले चांदूर रेल्वेला. कोणत्या साली, ते घरात कुणालाच ठाऊक नाही.

"एक वाजता निघालो त पोचतो," बुधाजी म्हणाले. "किती येळ लागन साहेब?"

"दहा मिनिटं," किशोर म्हणाला आणि स्वतःच्याच आवाजाला घाबरला.

पडद्यावर लाल पट्टी होती, म्हणजे सर्व्हर सुरू होत नव्हता. सर्व्हरच्या डोक्यावर झेंडूचा हार, अंगावर हळदीकुंकवाची बोटं, फटीत आपट्याचं पान.

"वच्छलाताई, हा बंद कोणी केला होता?"

वच्छलाताई रेकॉर्ड विभागातल्या सगळ्यांत जुन्या. "म्याच केला. चालू मशीनले वल्ली हळद लावू काय? करंट लागला असता मले."

"पण केला कसा?"

"बटन दाबून. भिंतीवरलं."

किशोरने डोळे मिटले. "तुमच्या पूजेपायी आज एका पोरीची नोकरी जाते, ताई."

बाकापर्यंत ऐकू गेलं. वच्छलाताई पदराने मशीनवरची हळद पुसत राहिल्या. एरवी त्यांनी चार शब्द सुनावले असते, ते बरं झालं असतं.

वीज अशी अचानक गेली की सर्व्हर एक कुलपाची फाइल मागे ठेवतो, आणि उठल्यावर आपल्याच कुलपापाशी अडतो. किशोरने ती फाइल काढून टाकली. सुरू केला. लाल पट्टी. परवानग्या तपासल्या, मेमरी वाढवून पाहिली. लाल पट्टी. साडेअकरा वाजले.

रागिणी दाराशी आली. "सर, आम्ही हातानं शोधू काय? मी वाचते, बाबा पानं उलटवतील."

"अकराशे आहेत."

"मंग बसून तरी काय करू?"

वच्छलाताईंनी तोवर कपाट उघडलंही होतं.

तिघांना धुळीत बसलेलं पाहून किशोरने साडेदहालाच करायचं ते बाराला केलं. सर्व्हर स्वतःच्या अडचणी लिहून ठेवतो त्या लॉगच्या वरच्या चार ओळी वाचून अंदाज बांधायचं सोडलं आणि तो शेवटपर्यंत वाचला. दीडशे ओळींच्या तळाशी सर्व्हर सरळ सांगत होता, की नावांच्या यादीची फाइल सापडत नाही.

ती यादी किशोरचीच. जुन्या मास्तरांनी एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं, ती एकमेकांना जोडणारी. श्रावणात त्याला नीटनेटकेपणाचा झटका आला आणि त्याने ती नव्या फोल्डरमध्ये हलवली. नवा पत्ता सेटिंगमध्ये लिहायचा राहिला. सर्व्हर ती यादी फक्त सुरू होताना वाचतो. दोन महिने तो जुन्या आठवणीवर चालला. बटन भिंतीवरचं दाबा नाहीतर शास्त्रशुद्ध बंद करा, तो उठणारच नव्हता.

त्याने पत्ता बदलला. सुरू केला. पट्टी हिरवी झाली. पणजोबांचं नाव टाकलं. रजिस्टर ४१७, पान ६२.

शिक्का मारून झाला तेव्हा एकाला दहा मिनिटं कमी होती. बापलेक स्टँडकडे पळाले.

"ताई," किशोर म्हणाला, "चूक माझी होती. सकाळी मी उगाच..."

"थांबा. पोरीचा फोन येऊ द्या, मंग पाहू तुमची माफी."

जेवणाचा डबा उघडला नाही. तीन वाजले, चार वाजले. पाचला दहा कमी असताना फोन वाजला.

"घेतले, सर. सगळे कागद घेतले."

किशोर खुर्चीत बसला, पुन्हा उठला आणि त्याने सर्व्हर बंद केला.

"कावून?" वच्छलाताई ओरडल्या. "आता त सुरू झाला!"

"पुन्हा उठतो का ते पाहू द्या. श्रावणात हेच नव्हतं केलं."

दोघं पडद्यापुढे उभे राहिले. मिनिटभर काहीच नाही. मग पट्टी हिरवी झाली.

वच्छलाताईंनी हळदीकुंकवाची डबी काढली. "अर्धी हळद पुसली म्या सकाळी. आता चालू मशीनले लावा. तुमच्या हातानं. लागू द्या करंट."