कुत्रं कुठंय?

कुत्रं चावलेला माणूस जखमेवर हळद दाबून रडत उभा असायचा आणि आमचे डॉक्टर जखमेकडे न बघता आधी विचारायचे, "कुत्रं कुठंय?"

तुम्ही म्हणाल, काय माणूस आहे! आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातले लोकही तेच म्हणत. पण प्रश्न बरोबर होता. चावलेलं कुत्रं दहा दिवस जगलं, तर ते पिसाळलेलं नव्हतं, माणूस सुटला. मेलं, तर त्याचा मेंदू तपासायचा. "मारू नका, हाकलू नका, बांधून ठेवा," असं ते गल्लोगल्ली सांगत फिरत. लोकांना मात्र एवढंच दिसे, की डॉक्टर कुत्रं नेतात आणि त्याचं डोकं बरणीत जातं.

मी त्यांच्या हाताखाली सरकारी प्रयोगशाळेत होतो. रेबीजचा विषाणू टोचलेल्या मेंढीचा मेंदू खलात वाटायचा, कार्बॉलिक ॲसिडनं विषाणू मारायचा, की झाली लस. आई मला अंघोळीशिवाय उंबरठा ओलांडू देत नसे.

ही लस घेतलेल्यांपैकी एखादा लुळा पडे. मेंढीचा मेंदूच बाधतो, असा डॉक्टरांचा संशय. वरचा गोरा साहेब म्हणे, छे, तो रोगच; लस उशिरा पोचली. डॉक्टर चिडत. "चावणारं कुत्रं धडधाकट आणि माणूस लुळा, असा एक रोगी दाखवला की साहेब गप्प बसेल. पण कुत्रं धडधाकट दिसल्यावर सुई टोचून घेईल कोण?"

अशात ब्रह्मा घाटावरच्या एका वेदपाठी गुरुजींना कुत्रं चावलं. त्यांची यजुर्वेदाची शाखा अशी, की प्रत्येक स्वराबरोबर उजवा हात वर-खाली व्हायलाच हवा. हात चुकला की पाठ चुकला.

"कुत्रं कुठंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"पळालं हो कुठंतरी," दारातून काकू, म्हणजे गुरुजींची बायको, म्हणाली.

गुरुजी सुई घेईनात. मेंढीचा मेंदू, तोही पोटात! डॉक्टर त्यांच्या उंबरठ्यावर बसून राहिले, अक्षरशः हाता-पाया पडले. "बरं, तुम्ही म्हणता म्हणून," गुरुजी शेवटी म्हणाले.

सुया संपत आल्या आणि गुरुजींचे पाय गेले, मग उजवा हात. पुढे काठी धरून ते चालू लागले. हात मात्र आला नाही.

एके दिवशी आम्ही त्यांना बघायला गेलो, तर दारात तेच कुत्रं पोळी खात बसलेलं. काकूला रडू फुटलं. "भैरवाचं वाहन ते, डॉक्टरसाहेब. तुम्ही त्याची मुंडी कापाल म्हणून मीच मल्लाहाला सांगून नावेनं पार धाडलं होतं. परत आलं, बघा."

इतकी वर्षं हवा असलेला पुरावा शेपूट हलवत होता. "मिळालं कुत्रं," डॉक्टर मला म्हणाले.

मग आत गेले. काकूचं नावही काढलं नाही. "गुरुजी, कुत्रं चांगलं होतं. तुमचा हात माझ्या सुईनं गेला."

गुरुजींनी आपल्या लुळ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "तर मग आता तुम्हीच उचला."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी डॉक्टर त्यांच्या शेजारी मांडी घालून बसू लागले. गुरुजी मंत्र म्हणत, डॉक्टर त्यांचं मनगट धरून हात वर-खाली करत. सुरुवातीला फार चुकत. "खाली, डॉक्टर, खाली! वर काय स्वर्ग आहे?" गुरुजी ओरडत आणि शिष्य खुदखुदत. पुढे पुढे चुकेनासे झाले.

या पुराव्यावर डॉक्टरांनी लिहिलेला निबंध साहेबानं दाबून ठेवला, बढतीही अडवली. फार उशिरा तो परदेशी छापून आला. मेंदू नसलेली लस शोधणाऱ्यांना त्याचा आधार झाला, असं मी नंतर वाचलं. डॉक्टरांना ते कळलं नाही. ते होते तोवर मी खलात मेंदूच वाटत होतो, आणि तो कुणाच्या तरी पोटात जात होता.

डॉक्टर थंडीत गेले, न्यूमोनियानं. ती बातमी घेऊन मी ब्रह्मा घाटावर गेलो तेव्हा शिष्य जमले होते आणि गुरुजी दाराकडे बघत थांबले होते. मी सांगितलं.

वेद शिकणारा सोबती गेला की पाठ बंद ठेवतात. त्याला अनध्याय म्हणतात.

"आज अनध्याय," गुरुजी म्हणाले.

"पण गुरुजी, ते तर डॉक्टर होते," एक शिष्य चाचरत म्हणाला.

"माझ्या शेजारी बसून शिकला तो," गुरुजी म्हणाले. मग डाव्या हातानं त्यांनी आपला उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.