खांडीतला माणूस

आपल्या मासिकात हल्ली दर महिन्याला कोणाच्या तरी मावशीला पिंपळाखाली कोणीतरी दिसतं. तोच पिंपळ, तीच अमावास्या, तेच उलटे पाय, फक्त मावशी तेवढी बदलते. मी मुंबईला डॉक्टरी शिकलो, मुडदे फाडले, आणि शेजारच्या खोलीत बसून डबा खाल्ला... एकाही मुडद्याने मला कधी हाक मारली नाही. भगत, देवऋषी, अंगात येणाऱ्या बाया यांच्याबद्दल माझं जे मत आहे ते छापण्याजोगं नाही, आणि ते आजही बदललेलं नाही. तरीही खाली लिहितो ते घडलं. भरदिवसा घडलं, चारचौघांत घडलं, आणि त्यात भिजलो तो मीच. कोणा विद्वानाला पत्राने खुलासा करायचा असेल तर जरूर करावा. आमच्याकडे चूल पेटवायला कागद लागतोच.

मी तेव्हा कल्याणच्या दवाखान्यात हॉस्पिटल असिस्टंट होतो. आगगाडी येऊन बरीच वर्षं झाली होती, पण डोंबिवलीला अजून स्टेशन नव्हतं, आणि कोपर-दिवा म्हणजे नुसती खाडी, खाजण आणि मिठागरं. दवाखाना एका व्यापाऱ्याच्या माडीवर भाड्याने होता. खाली भाताची वखार, वर आम्ही आणि आमच्या बाटल्या.

तिथे एके दिवशी पोलिसांनी पोशाला आणून उभा केला. उभा केला म्हणजे खरोखरच उभा, कारण तो बसतच नव्हता. कोपरचा आगरी, मिठागरावर राबणारा, तिशीचा गडी. आरोप असा की मजुरीवरून मक्तेदाराशी भांडण झालं म्हणून त्याने उधाणाच्या वेळी बांध फोडला, मीठ बुडवलं, आणि त्या पाण्यात त्याच्याच जोडीचा गोमा वाहून मेला. मॅजिस्ट्रेट रावसाहेबांना कचेरीत त्याच्याकडून एक शब्द मिळाला नाही. म्हणून मला हुकूम आला की आरोपी देखरेखीखाली ठेवा, आणि खटला समजण्याइतका शुद्धीवर आहे का ते कळवा.

यातली गंमत वाचकांना ठाऊक नसेल. आरोपी शहाणा ठरला तर खटला, आणि मग फाशी नाहीतर काळं पाणी. वेडा ठरला तर खटला थांबतो, आणि त्याला मुंबईला वेड्यांच्या इस्पितळात ठेवतात, बरा होईपर्यंत. बरा झाला की परत आणायचा आणि खटला पुढे चालू. म्हणजे जत्रेचा बोकड आजारी पडला तर आधी त्याला पाला घालून टवटवीत करायचा, तशातला प्रकार. अगदीच निरुपद्रवी असेल तर मात्र सरकारच्या मंजुरीने, जामीन घेऊन, घरच्यांच्या हवाली करता येतो. मोठ्या मोठ्या टोप्यांखालच्या डोक्यांनी हे कायदे केले म्हणतात. असतीलही डोकी.

पोशा माडीवरच्या मागच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभा राही. हात दोन्ही बाजूंना ताणलेले, टाचा जमिनीत रोवल्यासारख्या, डोळे उघडे. झोपायचा तोही तसाच, टेकून. पाय सुजून खांबासारखे झाले होते. त्याची थोरली बहीण बामी, विधवा बाई, रोज कोपरहून भाकरी आणून त्याला उभ्यानेच भरवायची.

पहिल्याच दुपारी आमचा कंपाउंडर सखाराम नाक मुरडत आला. "साहेब, त्या वेड्याने उभ्या-उभ्याच कारभार उरकलाय."

मी जाऊन पाहिलं. पोशा गुडघ्यापर्यंत ओला, पायाशी थारोळं. पण वास लघवीचा नव्हता, खाडीच्या चिखलाचा होता. वाळल्यावर पिंढऱ्यांवर पांढरं मीठ धरलं. मी पहाऱ्याच्या शिपायाला हवं ते बोललो, कारण असले चाळे करायला शिपायासारखा रिकामटेकडा प्राणी दुसरा नाही. तो मारुतीच्या शपथा घ्यायला लागला. दुसऱ्या दिवशी मी पोशाला कोरडा पंचा नेसवला, शिपायाला जिन्याखाली हाकलला, दाराला आतून कडी घातली आणि समोर खुर्ची टाकून बसलो.

भर दुपार होती, खिडकीतून ऊन आत आलं होतं. बामी कोपऱ्यात बसली होती, तिच्या हातात काही नव्हतं. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचे घोटे ओले झाले... मग पिंढऱ्या... मग गुडघे. पाणी वरून येत नव्हतं, खालून चढत होतं. मी बोट लावून चाखलं. खारट!

घाबरलो? छे. मी ताबडतोब थिअरी मांडली. मज्जातंतू बिघडल्यामुळे पायांना सुटणारा अतिरेकी घाम! त्याला एक भारदस्त इंग्रजी नावही शोधून ठेवलं.

बामी म्हणाली, "घाम नाय डाक्तर. भरती लागली. तो खांडीत उबा हाय."

मग तिने सांगितलं ते असं. बांधाला भगदाड पडलं की हे लोक त्याला खांड म्हणतात. खांड पडली की जो जवळ असेल त्याने पाठ लावून स्वतः त्यात उभं राहायचं आणि अंगाने पाणी अडवायचं, बाकीच्यांनी चिखल आणि माणसं आणायला धावायचं. उभा असलेल्याने आपण होऊन हलायचं नाही. दुसरा गडी येणार, खांद्यावर हात ठेवून 'मी उबा हाय, तू जा' म्हणणार, मगच पहिला सुटणार. तसं न म्हणता कोणाला खांडीतून ओढून काढणं म्हणजे ब्रह्महत्येपेक्षा मोठं पाप. बांध फुटला त्याच्या दुसऱ्या सकाळी पोलिसांनी नेमकं तेच केलं. छातीभर पाण्यात उभ्या पोशाला दोऱ्या लावून ओढून काढलं.

"मंग त्याला कोनी सोरवलाच नाय," बामी म्हणाली. "तो अजून तथंच हाय."

"मग तू सोडव की!"

"बाईमानसानं बांदाव तो सबूद बोलाचा नाय. आनि गाववाल्यांना तुजा रावसायेब भेटू देत नाय."

ते खरं होतं. गावचे सगळे गडी मक्तेदाराने साक्षीदार म्हणून लावले होते, त्यामुळे त्यांना आरोपीला भेटायची बंदी होती.

मला हसू आलं. एवढा धडधाकट माणूस एका वाक्यासाठी अडून बसलाय — बसलाय कसला, उभा आहे! या लोकांना वेड लागतं तेसुद्धा रीतीरिवाजाप्रमाणे. मी उठलो, पोशाच्या खांद्यावर हात ठेवला आणि नाटकातल्या राजासारखा आवाज काढून म्हणालो, "अरे बाबा, मी उभा आहे, तू जा!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं. हात खाली आले, गुडघे वाकले, आणि तो भिंतीला घासत खाली बसला. बसल्या जागी आडवा होऊन घोरायला लागला. बामीने तोंडात पदर कोंबला.

जागा झाला तो थेट विचारता झाला, "गोमा आला?"

बामीने गोमा गेल्याचं सांगितलं. तो इतका रडला की खालून वखारवाला काय झालं म्हणून विचारायला वर आला. मग हळूहळू सगळं बोलला. बांध खेकड्यांनी आधीच पोखरला होता. दोघांनी मक्तेदाराला सांगितलंही होतं, त्याने ऐकलं नाही. खांड पडली तेव्हा पोशा आत उभा राहिला आणि गोमा माणसं आणायला धावला, तो वाटेतच वाहून गेला.

मी जाम खूश होतो. भूत उतरवणारे पंचाक्षरी जे मिरच्या जाळून करतात ते मी एका वाक्यात केलं होतं. रावसाहेबांना चिठ्ठी धाडली की रुग्ण झपाट्याने सुधारतोय.

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या खोलीत एका म्हातारीचं गळू कापत होतो. पाय गार लागले. खाली पाहिलं तर माझं धोतर गुडघ्यापर्यंत चिंब! म्हातारी गळू विसरून बघत राहिली आणि म्हणाली, "डागदर, तुजं तूच आधी औषिद घे."

घरी बायकोने विचारलं, "अहो, खाडीत कशाला गेला होतात?" मी म्हणालो, घाम. तिने धोतर नाकाशी नेलं आणि थेट बादलीत टाकलं. दिवसातून दोनदा, भरती येईल तसा मी भिजायचो. जोड्यांत वाळू सापडायची. एकदा तर एक कोळंबी निघाली, जिवंत. घामात कोळंबी येत नाही एवढं वैद्यक मलाही कळतं.

त्याच आठवड्यात मक्तेदाराचा कारभारी पेढे घेऊन आला. असल्या माणसाचे पेढे मी शिपायालाही खाऊ दिले नसते. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, कमाल केलीत! आता खटला उभा राहील. आपले साक्षीदार तयार आहेत, चौघांनी त्याला फावड्याने बांध फोडताना पाहिलंय."

चौघेही मक्तेदाराचेच पगारी मुकादम, कोपरचा एकही नाही. तेव्हा कुठे माझ्या दिव्य डोक्यात प्रकाश पडला की मी बोकडाला पाला घातला होता.

बामीला ते माझ्या आधी कळलं होतं. ती दारात उभी राहून म्हणाली, "डाक्तर, परत दे त्याला."

"काय परत देऊ?"

"जे घेतलंस ता. त्याला परत उबा कर. येड्याला फाशी देत नाय ना?"

"बाई, मी काही घेतलेलं नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही."

"मानत नाय, मंग द्याला काय जातंय तुजं?"

दिलं तर मी मानतो असं ठरतं. नाही दिलं तरी मानतो असंच ठरतं! एका निरक्षर बाईने मला असं कोंडीत पकडावं याचा मला भयंकर राग आला. मी तिला हाकलून दिलं.

चौकशीचा दिवस उजाडला. कल्याणची कचेरी गच्च भरली होती. वेडा शहाणा झाल्याचा तमाशा कोणाला नको असतो? पोशा आरोपीच्या जागी नीट बसला होता, केस विंचरलेले, अंगात धुतलेली बंडी. मी साक्षीला उभा राहिलो, ईश्वरसाक्ष खरं सांगेन म्हणालो. रावसाहेबांनी विचारलं, "आरोपी आपला बचाव करण्याइतका शुद्धीवर आहे का?"

खरं उत्तर 'आहे' हेच होतं. मी कोणासाठीही खोटी साक्ष देणारा माणूस नव्हे. तोंड उघडलं, आणि तेवढ्यात जोड्यांत पाणी शिरलं. त्या दिवशी मोठं उधाण होतं. गुडघे, मांड्या, कंबर... धोतर अंगाला चिकटलं, पाणी पायरीवरून कारकुनाच्या बैठकीखाली वाहत गेलं. कोणीतरी फिदीफिदी हसलं.

पोशा हसला नाही. तो उठला, शिपायाला बाजूला सारून माझ्याजवळ आला आणि खांद्यावर हात ठेवून अगदी हळू म्हणाला, "डाक्तर, मी उबा हाय. तू जा."

आणि रावसाहेबांच्या मेजाला पाठ लावून, हात ताणून, टाचा रोवून उभा राहिला. डोळ्यांतला माणूस कुठे गेला ते मला दिसलं. हाक मारली, चिमटा काढला, पापणीही हलली नाही.

रावसाहेब ओरडले, "डॉक्टर, उत्तर द्या! शुद्धीवर आहे का?"

"नाही," मी म्हणालो. तेही खरंच होतं.

कारभाऱ्याच्या वकिलाने 'सोंग, सोंग' म्हणून आरडाओरडा केला. ठाण्याहून मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सुया टोचल्या, पायाशी निखारा धरला, आणि सोंग नाही असं लिहून दिलं. मी लिहून दिलं की इस्पितळाची गरज नाही, निरुपद्रवी आहे, बहिणीच्या हवाली करावा. वरून मंजुरी आली. कोपरच्या चार गड्यांनी जामीन दिला. अट एकच घातली, की दर वर्षी सरकारी डॉक्टरने जाऊन तपासावं, आणि बरा झाला की ताबडतोब हजर करावा.

पहिल्या वर्षी मी गेलो. बामीच्या झोपडीच्या मागच्या कुडाला त्यांनी जाड फळी ठोकून दिली होती, पोशाला पाठ टेकायला. तो कमरेपर्यंत ओला होता. जामीनदार गडी शेजारी बसून जाळं विणत होते, त्याच्याशी गावच्या गप्पा मारत होते. त्यातला एक गोमाचा सख्खा भाऊ.

आता तर कुठलीच बंदी नव्हती. मी त्यांच्यावर तडकलो. "अरे नालायकांनो, चौघे आहात! एकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते एक वाक्य बोलायला काय होतंय?"

जाळं विणणारे हात थांबले. बामी भाकरीचा तुकडा पोशाच्या तोंडाशी धरून म्हणाली, "बोलतील की. आता बोलतील. मंग तू कागदाव काय लिवशील, डाक्तर?"

मी शपथेला जागणारा माणूस. काय लिहिलं असतं ते तिला ठाऊक होतं, मलाही होतं.

"दर भरतीला त्यांच्या तोंडाव येतो तो सबूद," ती म्हणाली. "दर भरतीला गिलतात."

ते पाणी कुठून यायचं, मला आजही माहीत नाही. त्या दिवशी कचेरीत पोशाने माझी सुटका केली की स्वतःची मान वाचवली, तेही माहीत नाही. त्याला विचारायचं तर आधी बरा करावा लागेल. मी तेव्हापासून कोरडा आहे. मक्तेदार मजेत आहे, खटल्याचे कागद कचेरीत जपून ठेवलेत, आणि कायदा पोशा बरा होण्याची वाट बघतोय. यंदाही जाऊन आलो. केस पिकलेत, पाय फार सुजलेत. रिपोर्टात लिहिलं, 'सुधारणा नाही.' आयुष्यभर रोगी बरे करण्याचा पगार खाल्ला, पण सुधारणा होऊ नये अशी इच्छा मी या एकाच रोग्याबद्दल धरली आहे.