कुणाच्या डोक्यासाठी, कशासाठी

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याला मामांकडे राहून हिंदी शाळेत शिकले. बारावीनंतर घरी बसले होते तेव्हा शाळेतल्या बाई घरी आल्या, कॉलेजचा फॉर्म त्यांनी स्वतःच्या अक्षरात भरला आणि मामांची सही घेऊनच उठल्या. कॉलेजच्या ग्रंथपाल सरांनी मला कॉम्प्युटर हाताळू दिला, तोही तक्रार न करता, रोज. या दोघांचे उपकार मी विसरलेली नाही. म्हणूनच "एवढं शिकून शेवटी दुकानातच बसलीस?" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. हो, बसले. शिकले म्हणूनच बसू शकले.

दुकान ग्वाल्हेरात, लष्कर नावाच्या जुन्या वस्तीत, तिथल्या खासगी बाजारातून आत वळणाऱ्या एका गल्लीत. बाबा फेटे आणि साफे बांधतात. आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे आले. "तलवारी गेल्या, घोडे गेले, डोक्याला कापड गुंडाळायचं तेवढं आपल्याकडे राहिलं," असं बाबा गिऱ्हाइकाला हसत सांगतात. शहरातल्या जुन्या मराठी घरांतल्या बहुतेक नवरदेवांची डोकी त्यांच्या हाताखालून गेलीत. पण त्या घरांतली मुलं आता पुण्याला, इंदूरला, बंगळूरला. त्यांची लग्नं तिकडेच होतात, आणि टोपीसारखा घालायचा तयार साफा ऑनलाइन मिळतो. बाबांचा उजवा खांदाही दुखायला लागला होता. त्या दसऱ्याला नई सडकवरचा एक मोबाइलच्या कव्हरांचा व्यापारी आमचं दुकान भाड्याने मागायला आला. दादा म्हणाला, देऊन टाका.

मी तेव्हा एका खासगी शाळेच्या ऑफिसात कामाला होते. मी बाबांकडे एक हंगाम मागितला.

"काय करणार आहेस?" बाबांनी विचारलं.

"पत्रं लिहिणार."

"कुणाला?"

"तुमच्या वहीतल्या सगळ्यांना."

बाबांची एक वही आहे. तीत ज्यांची डोकी बांधली त्यांची मापं आणि बारीक बारीक शेरे आहेत. 'कपाळ अरुंद', 'घाम फार येतो, मलमल द्यावी', 'मामा भांडखोर, लवकर जावे'. त्या वहीवरून मी घरोघर फोन केले, मुलांचे ई-मेलचे पत्ते विचारले आणि पत्र पाठवू का म्हणून परवानगी घेतली. बाबांनी मुदत दिली: देवउठनी म्हणजे कार्तिकी एकादशीपासून आखातीजपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. तोवर दुकानाने तग धरला तर ठीक, नाहीतर चावी व्यापाऱ्याला. मी नोकरी सोडली आणि ऑर्डर घेता येईल अशी दुकानाची एक साधी वेबसाइट बनवली.

लोक विचारायचे, ई-मेल कोण वाचतं आता? व्हॉट्सअॅपवर टाक की. मी टाकलं नाही. तिथे सकाळी सकाळी फुलं आणि सुविचार येतात, त्या गर्दीत मला बाबांना उभं करायचं नव्हतं. मी ई-मेल लिहिले, दर दहा दिवसांनी एक, आपल्या घरच्या मराठीत, आणि जिथे हिंदी शब्द आला तिथे तो राहू दिला. पहिल्या पत्रात लिहिलं, की फेटा बांधताना कितीही बडबड्या माणूस दुसऱ्या वेढ्याला गप्प होतो, आणि त्याचं कारण बाबांनाही ठाऊक नाही.

आता खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझं मन माझ्या ताब्यात नव्हतं. पत्र कोणी उघडलं, कोणी नाही, किती वेळा उघडलं, हे सगळं फोनवर दिसतं. दुकानदाराला असं काही दिसूच नये. गल्लीतून जाणारा माणूस दुकानाकडे न बघता गेला तर आपण मनाला लावून घेत नाही. इथे मात्र एकेकाच्या नावासमोर खूण असते. एकदा एकाच दिवशी चार जणांनी यादीतून नाव काढून घेतलं आणि मी जेवले नाही. आई म्हणाली, "कोण गेलं गं?" तिला वाटलं कुणी वारलं. त्याच आठवड्यात कुणीतरी एक पत्र सतरा वेळा उघडल्याचं दिसलं. मी हवेत. हे नक्कीच मोठं लग्न, सगळं घर बसून ठरवतंय, असं मी बाबांना सांगून टाकलं. चार दिवसांनी कळलं, ती इंदूरची आत्या होती. भाचीने काय लिहिलंय ते ती तिच्या भिशीतल्या प्रत्येक बाईला फोन उघडून दाखवत होती.

"आत्याचं लग्न लावायचं का परत?" दादा म्हणाला.

मग मी ई-मेलवरून विक्री कशी करायची ते शिकवणारा एक फुकटचा ऑनलाइन क्लास लावला. शिकवणारे सर दिल्लीकडचे होते, बोलणं गोड. त्यांचं म्हणणं एवढंच, की लोकांना घाई करा, भीती घाला, आणि बाकी सगळं मशीनवर सोडा. ऑर्डर पोहोचली की पाचव्या दिवशी आपोआप जाणारं पत्र त्यांनीच बसवून दाखवलं. मी झेंडूच्या तोरणाचं चित्र लावून लिहिलं: 'मंडळी, नवरदेव कसा दिसला? फोटो पाठवा!' मला ते फार आवडलं होतं.

संक्रांतीनंतर आठवड्याभरात वेबसाइटवरून पहिल्यांदा एका अनोळखी माणसाची ऑर्डर आली. ग्वाल्हेरातल्याच मुरारकडचा पत्ता. वहीतला नाही, ओळखीचा नाही, आत्या तर नाहीच. बांधून तयार केलेला साफा, डोक्याचं माप, रंग पांढरा, परवापर्यंत हवा. मी उड्या मारत दुकानात गेले.

बाबांनी कापड काढलं, मांडीवर ठेवलं आणि थांबले. "पांढरा? कुणासाठी आहे?"

"लिहिलेलं नाही."

"कशासाठी?"

"लग्नाचाच असणार ना बाबा. हंगाम आहे. आजकाल सगळं पांढरं, मोतिया रंगाचं चालतं. फॅशन आहे."

"फोन करून विचार."

बाबांच्या धंद्यात हा पहिला प्रश्न आहे. कापडाला हात लावायच्या आधी विचारायचं, कुणाच्या डोक्यासाठी आणि कशासाठी. उत्तर मिळेपर्यंत ते पीळ घालत नाहीत. लहानपणापासून मी हे बघितलंय. पण क्लासमध्ये सांगितलं होतं, की ऑनलाइन गिऱ्हाइकाला फोन केला तर ते बिचकतं आणि ऑर्डर रद्द करतं. पहिलं अनोळखी गिऱ्हाईक मला गमवायचं नव्हतं.

"नको," मी म्हटलं. "बांधा तुम्ही."

बाबांनी बांधला, नाखुशीने. लग्नाच्या प्रत्येक फेट्याबरोबर आम्ही कागदाच्या पुडीत चिमूटभर अक्षता देतो. बाबांनी त्या ठेवल्या नाहीत. मी ठेवल्या.

साफा गेला. पाचव्या दिवशी तोरणाचं पत्र आपोआप गेलं. संध्याकाळी उत्तर आलं, हिंदीत, दोनच ओळी. तो साफा त्यांच्या वडिलांच्या तेरहवीला, पगडीच्या रस्मेसाठी होता. नवरदेव कुणी नव्हता, थोरला मुलगा म्हणून तेच बसले होते.

आमच्या मराठी घरांत तेराव्याला असं करत नाहीत, हे खरं. पण मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. डबऱ्याला माझ्या वर्गमैत्रिणीचे वडील गेले तेव्हा तिच्या भावाच्या डोक्यावर सगळ्या बिरादरीसमोर, आता घराचा कर्ता तू म्हणून, पांढरा साफा बांधलेला मी पाहिला होता. अठरा वर्षांचा मुलगा, मान ताठ, डोळे खाली. मी ते पाहिलेलं होतं आणि तरी विचारलं नाही. त्या माणसाने पुडी उघडली असेल तेव्हा त्यातून अक्षता निघाल्या असतील.

मी क्लासच्या सरांना लिहिलं. ते म्हणाले, अशी एखादी वाईट प्रतिक्रिया येतेच, नाव उडवा आणि पुढे चला. दादा म्हणाला, "मी सांगत होतो ना? हे कॉम्प्युटरचं काम आपल्यासारख्यांचं नाही. बंद कर आता." एक म्हणत होता काही झालंच नाही, दुसरा म्हणत होता सगळं संपलं. मला दोघांचाही सारखाच राग आला. चूक मोठी होती, पण ती पत्र लिहिण्याची नव्हती. न विचारण्याची होती. ती मी केली होती, पत्राने नाही.

बाबांनी अक्षतांचा डबा माझ्या हाताशी होता तो उचलून स्वतःजवळ ठेवला.

त्या माणसाला मी हिंदीत लिहिलं. सबब दिली नाही. एवढंच लिहिलं, की माझे वडील बांधण्याआधी विचारतात, मी त्यांना विचारू दिलं नाही, दोष माझा आहे, आणि यापुढे आमच्याकडून तुम्हाला एकही पत्र येणार नाही. त्यांचं नाव मी माझ्या हाताने यादीतून काढलं. त्यांचं उत्तर आलं नाही. का यावं?

मग आपोआप जाणारी सगळी पत्रं बंद केली आणि यादीतल्या सगळ्यांना एक पत्र लिहिलं. तो माणूस ओळखू येईल असं त्यात काही येऊ दिलं नाही. माझी चूक मात्र पूर्ण सांगितली. खाली लिहिलं: 'आजपासून ऑर्डरच्या फॉर्ममध्ये पहिला रकाना बाबांच्या प्रश्नाचा आहे. तो रिकामा असेल तर मी फोन करीन. ज्यांना फोन आवडत नाही त्यांनी साफा दुसरीकडून घ्यावा.'

दादाने ते वाचलं. "गिऱ्हाइकाला कोणी असं लिहितं का? धंदा करतेस की धमकी देतेस?"

"दोन्ही," मी म्हटलं.

त्या पत्राने बरेच लोक गेले, एका दिवसात इतके पूर्वी कधी गेले नव्हते. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशी मी जेवले, आणि दुसऱ्यांदा भात घेतला. मी स्वतःशी ठरवलं की ज्यांना रात्रीतून विकायचं आहे त्यांनी खुशाल घाई करावी, भीती घालावी. मी शिकले ती लोकांना घाबरवायला नाही. ज्या बाईंनी माझा फॉर्म भरला त्यांनी मला घाई केली नव्हती, फक्त माझ्यासमोर बसून राहिल्या होत्या.

मग उत्तरं यायला लागली. पहिला रकाना लोक भरून पाठवत होते, आणि एका ओळीत कुणाचंच भागत नव्हतं. एकाने लिहिलं, वडिलांच्या पंच्याहत्तरीसाठी, ते आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नात कुर्च्या मांडत राहिले, त्यांना कुणी कधी फेटा बांधला नाही. एका मुलीने लिहिलं, माझ्यासाठी, माझ्याच लग्नात, मी फेटा घालणार हे घरात अजून सांगितलेलं नाही. बाबा दुपारी चष्मा लावून बसायचे आणि मी वाचून दाखवायची. वाचून झालं की ते कापड निवडायला उठायचे.

तरी आखातीज आली तेव्हा दुकान भरून वाहत होतं असं नाही. गेल्या वर्षापेक्षा थोडं बरं, एवढंच. बाबांचा खांदा मात्र आणखी बिघडला होता, हात कानाच्या वर जात नव्हता. दुसऱ्या दिवशी व्यापारी मोजायची टेप घेऊन आला, बरोबर सुतार. दादाच घेऊन आला होता त्यांना.

"इथे काच लावू, इथे लाइट," व्यापारी सांगत होता.

मी उंबऱ्यात उभी राहिले. "दुकान चालू आहे, भैयाजी. मोजू नका."

"बेटी, तुमच्या भावाने बोलावलंय."

"त्याने बोलावलंय तर त्याच्या खोलीचं माप घ्या."

दादा चिडला. "अगं, बाबांचा हात उठत नाही! बांधणार कोण? तुझे ई-मेल?"

दादाचं हे खरं होतं. मी सहा महिने शब्द लिहिले होते आणि बांधायचा सगळा भार त्या एका खांद्यावर टाकला होता. मी बाबांकडे बघितलं. ते गादीवर बसून होते.

"ती बांधेल," बाबा म्हणाले.

"बाई माणूस पुरुषांची डोकी बांधणार? भर मांडवात?" दादा म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"ते ती लोकांना पत्र लिहून विचारेल," बाबा म्हणाले आणि व्यापाऱ्याकडे वळले. "यंदा नाही जमणार. चहा घेऊन जा."

त्यानंतर दीड महिना मी मडक्यावर, उशीवर, आईच्या डोक्यावर फेटे बांधले. बोटांच्या कडा सोलल्या. बाबा समोर बसून फक्त "परत" म्हणायचे. यादीला मी विचारलं नाही, कळवलं. 'पुढच्या हंगामापासून मी बांधणार आहे. बाबा शेजारी बसतील.' किती जण गेले ते मी मोजलं नाही. मोजायची सोय असूनही.

पुढच्या देवउठनीनंतरचं पहिलं लग्न फूलबागेजवळच्या एका कार्यालयात होतं. नवरदेवाच्या आधी घरच्या मोठ्यांना फेटे बांधायचे असतात. पहिले आले नवरदेवाचे काका, मिशा पिळलेले. मला बघून ते बाबांना म्हणाले, "अहो, तुम्ही बसलात का? लेडीज बांधणार आता? फेटा सुटला तर इज्जत आमची जाईल."

आजूबाजूचे हसले. मी नऊ वार कापडाचं टोक दातात धरलं, पहिला वेढा घेतला आणि ओढला. मग टोक सोडून म्हटलं, "काका, डोकं सरळ ठेवा. आणि आता बोलू नका, पीळ बिघडेल."

दुसऱ्या वेढ्याला ते गप्प झाले.