कपाटाला दिलेली धुरी

आमच्या कपाटाला बुरशी आली आणि म्हाताऱ्यानं बिल्डिंग पेटवली, असं नारायणगावात आमच्या गल्लीत सांगतात. त्यातलं पहिलं खरं आहे. दुसरं अर्धंच.

माझी बायको हौसा गेली आणि पोरानं मला डोंगरातल्या तळेघर गावातनं उचलून इथं भाड्याच्या फ्लॅटमध्ये आणलं. माझ्या वाट्याला एक खोली आणि भिंतीतलं कपाट. कपाटात तीन धोतरं, दोन टोप्या आणि तळाला हौसाचं गाठोडं. त्यात तिचं हिरवं लुगडं. गाठ तिनंच मारलेली, तिच्या हातची शेवटची. ती मी सोडली नव्हती आणि कुणाला सोडू दिली नव्हती.

श्रावणात एक दिवस कपाट उघडलं, तर धोतरावर पांढरी लव! (माझ्या हनुवटीवर आहे त्यापेक्षा दाट.) टोपी हिरवी. भिंतीला हात लावला, तर म्हशीच्या नाकासारखी ओली. धोतरं गेली खड्ड्यात, लुगड्याचं काय?

सून मनीषा म्हणाली, "मामा, गाठोडं सोडा. वाळत घालू."

"गाठ सोडायची न्हाई."

"आवो, आत लुगडं कुजंल की!"

"कुजू दे!"

(कुजू द्यायचं नव्हतंच. पण माझ्या तोंडातनं आधी निघतं, डोक्यात मागनं येतं.)

तिनं कपाळाला हात लावला आणि भाजी आणायला गेली. मग मला अक्कल सुचली. आमच्या तळेघरला पावसाचे चार महिने ऊन दिसत नाही. कपडे, बियाणं, सगळं चुलीवरच्या धुरात टांगायचं. बुरशीची काय बिशाद! इथं चूल नाही? मग चूलच कपाटात नेऊ!

पूजेच्या दुकानातनं गवऱ्या आणल्या. (प्लास्टिकात गुंडाळलेल्या! गाईनं बघितलं तर लाजंल.) घमेल्यात पेटवल्या, वर ओला कडुलिंब टाकला. घमेलं खालच्या कप्प्यात, गाठोडं सगळ्यात वरच्या कप्प्यात, दार बंद. कप्पे फरशीचे, जळायची भीती नाही. बाहेर सुपारी कातरत बसलो. खोलीत धूरच येईना! म्हटलं, व्वा, काय पक्कं कपाट आहे.

तेवढ्यात वरनं आरोळी आली. "आग! आग लागली!"

धूर भिंतीतल्या पाइपाच्या भोकातनं वर चढला होता, आणि वरच्या मजल्यावर गुंजाळभाऊ अंघोळ करत होते. धाडधाड जिना उतरून आले ते कमरेला टॉवेल, डोक्याला साबण आणि हातात भरलेली बादली.

"बाबा, कुठंय आग?"

"आग न्हाई राव, धुरी हाय. कपाटाला!"

"कपाटाला धुरी? बाळंतीण हाय का ती?"

आणि त्यांनी कपाटाचं दार उघडून बादली उचलली. मी आडवा झालो. "भाऊ, पाणी टाकू नगा! आत माझी बायको हाय!"

(हौसा जाऊन वर्ष झालंय, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते जास्तच घाबरले.) बादली सुटली! अर्धी माझ्यावर, अर्धी गाठोड्यावर, आणि तिथनं ओघळून खालचं घमेलं विझलं.

मनीषा भाजी घेऊन आली, तर दारात टॉवेलातले गुंजाळभाऊ, आत मी निथळतोय आणि माझ्या कुशीत गाठोडं निथळतंय. तिनं मला पोराची बर्मुडा दिली. (माझी धोतरं बुरशीनं नेसली होती.) मग हळूच म्हणाली, "आता तरी सोडा, मामा."

सोडली. दातांनी. हौसाची गाठ हातानं सुटणारी नव्हतीच.

आत युरियाच्या गोणीतलं प्लास्टिक, तोंड सुतळीनं आवळलेलं. त्याच्या आत वेखंडाचा तुकडा आणि हिरवं लुगडं. एक थेंब नाही, एक ठिपका नाही. कोरडं ठणठणीत! तिथंच ओल्या फरशीवर बसलो.

मनीषा म्हणाली, "आत्याबाईंना म्हाईत व्हतं, कुणाच्या ताब्यात देऊन चालल्यात ते."

गुंजाळभाऊंच्या मोरीत जिथनं धूर निघाला, तिथंच पाइप फुटलेला सापडला. पोराला फोनवर "ओल न्हाईच" म्हणणाऱ्या घरमालकानं दुसऱ्या दिवशी गपगुमान प्लंबर धाडला.

पण त्या दिवशी मी लुगडं हुंगून डोळे पुसले आणि म्हणालो, "धूर लई झालाय." धूर जाऊन तास झाला होता. तरी मनीषानं उठून खिडकी उघडली. बर्मुडा घालून रडणाऱ्या म्हाताऱ्याला बोलायचं तरी काय!